बुडीत खाते

आमच्या ह्यांच्याकडे चार कोटी रुपये आहेत. सगळे फोनमध्ये आहेत आणि त्यांतून पाव किलो भेंडीसुद्धा येत नाही, एवढीच काय ती अडचण. निवृत्त झाल्यापासून हे एका अ‍ॅपवर पोकर खेळतात. तिथं सकाळी नुसती हजेरी लावली की पन्नास हजार मिळतात. हरलं तर सांत्वनाचे वीस हजार मिळतात. ज्या माणसाने जन्मभर प्रवासभत्त्याची बिलं तीन प्रतींत भरून दीड वर्ष वाट पाहिली, त्याला इतक्या प्रेमाने कधी कोणी पैसे दिले नव्हते. हे तिथं रमले यात नवल नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. पण ह्यांच्या अ‍ॅपला धक्कासुद्धा लागला नाही. त्यात पैसेच नव्हते, तर बंदी येणार कशावर?

चार कोटींचा आकडा लागला त्या संध्याकाळी हे म्हणाले, "आता एकदा खऱ्या टेबलावर बसायला हवं."

"जेवणाच्या टेबलावरची रद्दी उचला, म्हणजे तिथं बसता येईल."

"मी गोव्याचं म्हणतोय. आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला. कॅसिनोत."

"ह्या वयात?"

"एकवीस पूर्ण लागतात. वरची मर्यादा ठेवलेली नाही त्यांनी."

मी बँकेत कॅशियर होते. माझ्या कपाटात दूध, लाइट बिल, दवाखाना, आहेर अशी पाकिटं असतात आणि एका पाकिटातला रुपया दुसऱ्यात गेलेला मला झोपेतही कळतो. नव्या पाकिटावर काय लिहावं याचा मी बराच विचार केला. 'कॅसिनो' लिहिलं असतं तर सुनेने वाचलं असतं. शेवटी जुन्या सवयीने 'बुडीत खाते' असं लिहिलं आणि आत पंधरा हजार ठेवले. बँकेत कर्ज बुडीत ठरवायला बैठका होतात, शेरे मारले जातात, वसुलीची माणसं धाडतात. मी मात्र नोटा मोजतानाच त्यांना निरोप दिला.

खरी पंचाईत पुढेच होती. आमच्या डोंबिवलीत कुठं गेल्यावर सांगून चालत नाही, जाण्याआधी सांगावं लागतं. कारण दूधवाला, पेपरवाला आणि समोरच्या काकू या तिघांना आपण कुठं जातोय हे कळलं नाही तर आपण हॉस्पिटलात आहोत असं धरतात. आमच्या वयाच्या माणसांना गोव्याला जायची दोनच मान्यताप्राप्त कारणं आहेत: कुणाचं तरी लग्न किंवा कुलदैवत. लग्न काढलं तर पत्रिका दाखवावी लागते. सुदैवाने आमची शांतादुर्गा फोंड्याजवळ कवळ्याला आहे. "देवीला जाऊन येतो," असं मी सगळीकडे सांगून टाकलं.

याचा परिणाम असा झाला की दोन दिवसांत घरात ओट्या जमा झाल्या. समोरच्या काकूंनी नारळ आणि खण दिला. चुलतसासूबाईंनी नारळ, खण आणि अकरा रुपये दिले. सर्वांत जड पिशवी वन्संची होती. वन्संची ही माहेरची देवी, त्यामुळे त्यांनी साडीच पाठवली. फोनवर म्हणाल्या, "अगं, आम्हीच येणार होतो. पण ह्यांना नेमकं तेव्हाच ऑडिटला नाशिकला जायचंय. निवृत्तीनंतरही कंपनी सोडत नाही बघ यांना."

"भाऊजींनाही किती दगदग," मी म्हणाले. तेव्हा मला ते मनापासून वाटलं होतं.

मांडवी एक्स्प्रेसने निघालो. या गाडीतल्या खाण्याचं कौतुक ऐकून होतो आणि करमळी येईपर्यंत आम्ही त्याची खातरजमा करत होतो. ह्यांनी सूट घातला होता. भाचीच्या लग्नात, म्हणजे वन्संच्या मुलीच्या लग्नात, मामा म्हणून मिळालेला तो सूट. जेम्स बॉण्डने 'कॅसिनो रॉयल'मध्ये पोकर खेळताना सूट घातला होता, हा ह्यांचा आधार. बॉण्ड सूट घालून दिवसभर कोकण रेल्वेत बसला नव्हता. रत्नागिरी येईपर्यंत कोट खुंटीला, टाय खिशात आणि सोलकढी शर्टावर अशी बॉण्डची अवस्था झाली.

करमळीहून पणजीला नेणारा टॅक्सीवाला मोठा बोलका. आम्ही जेट्टीची चौकशी केली तसं त्याने आरशातून दोघांकडे पाहिलं.

"कॅसिनोत? आम्हाला आत सोडत नाहीत, माहीत आहे ना?"

"का हो?"

"सरकारचीच बंदी. फेब्रुवारी २०२० पासून. गोव्याच्या माणसाने जाऊन पैसे घालवू नयेत म्हणून."

"आणि आम्ही घालवले तर?"

"तुम्ही टुरिस्ट ना," तो समजुतीच्या सुरात म्हणाला.

मला आमच्या सरकारचीही आठवण झाली. गंमत बघा, १९७६ मध्ये गोव्याने जुगारबंदीचा कायदा केला आणि त्याच १९७६ मध्ये महाराष्ट्राने कॅसिनोंवर नियंत्रण ठेवून कर घेण्याचा कायदा केला. पुढे जुगारबंदीवाल्या गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत मशिनं आली, १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलं मांडली गेली. इकडे कॅसिनोवाल्या महाराष्ट्रात एकही कॅसिनो उघडला नाही. आपल्याकडे तो कायदा कधी लागूच केला नाही. २०२३ मध्ये रद्दच करून टाकला. सत्तेचाळीस वर्षं कपाटात घडी घालून ठेवलेला कायदा मी पहिल्यांदाच पाहिला. शालूंचं एक वेळ समजू शकते.

लॉजवर सामान टाकलं तेव्हा ओट्यांचा प्रश्न आला. देवीचं सामान तसल्या खोलीत कसं ठेवायचं? आधी कोण राहून गेलं असेल, काय खाल्लं-प्यालं असेल! त्यापेक्षा बरोबर असलेलं बरं, असा विचार करून मी ती पिशवी घेऊन जुगाराच्या जहाजावर निघाले. हा विचार तेव्हा मला पूर्ण तर्कशुद्ध वाटला.

जेट्टीवर तपासणीचं यंत्र होतं. पिशवी आत गेली आणि पडद्यावर पाच गोल उमटले. यंत्रामागचा मुलगा ताठ झाला.

"मॅडम, हे काय?"

"नारळ."

"पाच?"

"प्रत्येकीचा एक. एक जादा, निघताना एखादा कुजका लागतो म्हणून."

"बाहेरचं खाणं आत नेता येत नाही."

"हे खायचे नाहीत. वाहायचे आहेत."

त्याने वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठाने नारळ एकेक करून हलवून पाहिले. त्यातलं पाणी हलल्याचा आवाज आला तसा त्याचा संशय वाढला असावा, कारण तिथं बाहेरचं पेयही चालत नव्हतं. अखेरीस देवीच्या ओट्या लॉकरमध्ये गेल्या आणि मला एक बिल्ला मिळाला. मागच्या रांगेतली कमी कपड्यांतली मुलगी माझ्या खणाच्या नऊवारीकडे बघून "सो क्यूट" म्हणाली. ह्यांना तेवढ्यात कोट घालायला सांगण्यात आलं नाही, तरी ह्यांनी घातला.

छोट्या होडीने मोठ्या जहाजाकडे नेतात. बोट लागू नये म्हणून मी गोळी घेतली होती. दहा मिनिटं झाली, वीस झाली, मी रेलिंग धरून उभी, आणि पणजीचे दिवे जागचे हलेनात.

"निघणार कधी हो हे?"

"कुठं?" ह्यांनी विचारलं.

"जहाज."

"हे कुठं जात नाही. नांगरलेलं असतं. कायद्यासाठी पाण्यात आहे."

गोळीने तोवर आपलं काम केलं होतं. पुढचा अर्धा तास मी जांभया देत होते आणि आसपासचे लोक मला मुरलेली जुगारी समजत होते.

तिकिटात जेवण, पेयं आणि थोड्या चिपा असं सगळं धरलेलं असतं. मराठी माणसाला 'सगळं धरून' हे दोन शब्द ऐकवले की पुढचा कार्यक्रम ठरलेलाच. जिंकणं-हरणं नशिबाचं, वसूल करणं मात्र आपल्या हाती असतं. मी पनीर टिक्क्याचा बाजारभाव धरून तिकिटाला भागलं आणि किती तुकड्यांवर आपण फायद्यात येऊ ते काढलं. ह्यांना दारू अमर्याद होती आणि अ‍ॅसिडिटीही. त्यामुळे ते लिंबूसोडा पीत होते आणि प्रत्येक ग्लासाला "हा सिंगल माल्टच्या जागी" असं बजावत होते. रात्री दहापर्यंत आमच्या हिशेबाने कॅसिनोचं नुकसान व्हायला लागलं होतं.

फुकटच्या चिपा एकदाच लावता येतात, त्यांची रोकड होत नाही. हे कळल्यावर कॅशियर म्हणून मला त्यांच्याबद्दल वाटणारा आदर संपला आणि आम्ही रूलेटकडे गेलो. चाकावर शून्य ते छत्तीस अशी सदतीस घरं. वरती मोठ्या पाटीवर मागचे आकडे ओळीने झळकत असतात. लोक वह्या काढून ते उतरवून घेत होते. एक गृहस्थ मला म्हणाले, "भाभीजी, आठ वेळा काळा आलाय. आता लाल आलाच पाहिजे." माँटे कार्लोला १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री काळा लागोपाठ सव्वीस वेळा आला होता आणि लाल आलाच पाहिजे म्हणणाऱ्यांच्या पेढ्या बसल्या होत्या. चाकाला मागचं काही आठवत नाही. आमच्या घरात हा गुण एकाकडे आहे, पण तो रूलेटमध्ये उपयोगी पडत नाही. मला त्या पाटीचंच कौतुक वाटलं. ज्या माहितीचा काडीचा उपयोग नाही ती अख्ख्या जहाजात सर्वांत मोठ्या अक्षरांत आणि फुकट होती. वेळ कुठंच लिहिलेली नव्हती. भिंतीवर घड्याळ नाही, खिडकी दिसेल तर शपथ. माझ्या मनगटावर एचएमटी होतं, कारण अकरा वाजता ह्यांची अ‍ॅसिडिटीची गोळी आणि दोन वाजता माझी रक्तदाबाची. थोड्याच वेळात अनोळखी माणसं माझ्याकडे वेळ विचारायला यायला लागली.

चिपा गेल्या, जीव हलका झाला. आता पोकर.

पन्नास-शंभरचं सर्वांत छोटं टेबल होतं. मी पाकिटातून पाच हजार मोजून दिले आणि पोचपावती मागितली. पावतीऐवजी प्लास्टिकच्या चकत्यांचे बुरूज मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून या चकत्यांच्या पूर्ण दर्शनी किमतीवर २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. गॅसवाल्या कोल्ड्रिंकच्या रांगेत बसवलंय जुगाराला. शिवाय प्रत्येक डावातून टेबलाचा मालक आपली नाल काढतोच. थोडक्यात, पत्ते वाटण्याआधी दोघेजण जिंकून मोकळे झालेले असतात आणि उरलेल्यांनी आपापसांत मारामारी करायची.

खेळ सांगायला सोपा आहे. प्रत्येकाला दोन पानं झाकून, मध्ये सगळ्यांची मिळून पाच पानं उघडी. सातांतली उत्तम पाच धरायची. मधल्या काळात चेहरा कोरा ठेवायचा. इथंच ह्यांची गोची. हे चांगली पानं आली की नाट्यगीत गुणगुणतात. ह्यांना स्वतःला ते ऐकू येत नाही. आयुष्यभर पगारवाढ झाली, आमटी जमली, सासूबाईंची गाडी उशिरा येणार असली की मला आधी सूर ऐकू आला आहे. फोनमधल्या चार कोटींना कान नव्हते. इथं आठ माणसं कान टवकारून बसलेली. इस्पिकचा एक्का आणि राजा आला की ह्यांचा खालचा षड्ज लागे आणि सगळं टेबल पानं टाकून मोकळं होई. पानं वाईट असली की हे गप्प, आणि लोक तुटून पडत.

पाच हजार अशा रीतीने संगीताला अर्पण झाले. दुसऱ्या पाच हजारांत मात्र ह्यांना खरोखर मोठा हात लागला. मधली पानं उघडली आणि हे उभेच राहिले. "सिक्वेन्स!" सात, आठ, नऊ, दहा, गुलाम. समोरच्या गॉगलवाल्या मुलाने शांतपणे पाच बदाम दाखवले आणि डीलरने सगळ्या चिपा त्याच्याकडे सरकवल्या.

"अहो, कलर आहे तो. सिक्वेन्सच्या खाली असतो कलर!"

"तीन पत्तीत, सर. इथं वर."

"हे कधी ठरलं?"

चूक ह्यांची नव्हती, दिवाळीची होती. आपण लहानपणापासून तीन पत्ती खेळलेलो. तीन पानांत सिक्वेन्स ७२० प्रकारे लागतो आणि कलर १,०९६ प्रकारे. सिक्वेन्स दुर्मीळ म्हणून मोठा. पाच पानांत गणित उलटं होतं: सिक्वेन्स १०,२०० प्रकारे, कलर ५,१०८ प्रकारे. अ‍ॅपवर हे शिकता आलं असतं, पण तिथं जिंकल्यावर फटाके फुटतात. का फुटले हे हे कधी बघायचे नाहीत. ह्यांनी डीलरला वडीलकीच्या नात्याने दोन गोष्टी सुनावल्या, उरलेल्या चकत्या पुढच्या डावात सात्त्विक संतापाने लावल्या आणि उठले.

"आता तू बस," हे म्हणाले. "म्हणजे मी मागून सांगतो."

पाकिटात शेवटचे पाच हजार होते. मी बसले. "सर, खेळणाऱ्याच्या मागे उभं राहून बोलता येणार नाही," डीलर म्हणाला, आणि ह्यांना जेवणाच्या दालनाकडे धाडण्यात आलं. हे गेले याचं श्रेय मी कॅसिनोला नक्की देईन.

माझी खेळायची पद्धत बँकेची होती. कर्ज द्यायचंच नाही. आली पानं, "उगाच कशाला?" असं म्हणून टाकली. पुन्हा आली, टाकली. सक्तीचे पन्नास-शंभर गेले की हळहळायचं आणि चकत्या वीस-वीसच्या गठ्ठ्यांत नीट लावायच्या. मी डीलरला रबरबँड मागितलं, त्याच्याकडे नव्हतं. मध्येच मनगटावर बघायचं, दोनची गोळी राहायला नको. अर्ध्या तासाने मला राण्यांची जोडी आली, मी मनगटावर बघितलं आणि पहिल्यांदाच "वाढवते" म्हणाले. साऱ्या टेबलाने पानं टाकली. गॉगलवाला मुलगा शेजाऱ्याला हिंदीत सांगत होता, "आंटीने घडी देखी, मतलब हाथ है." माझ्या रक्तदाबाची तिथं जी दहशत होती ती आमच्या डॉक्टरांकडेही नाही.

आणि तेवढ्यात समोरच्या रिकाम्या खुर्चीवर नाशिक येऊन बसलं.

भाऊजींनी आधी चकत्या मांडल्या, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मला पाहिलं. मग पुन्हा काढून पुसला. चष्म्याने काही फरक पडला नाही.

"वहिनी?"

"भाऊजी. ऑडिट कसं चाललंय?"

ते काही बोलणार इतक्यात त्यांची नजर दूर गेली. जेवणाच्या दालनाच्या दारात हे जिलबीची बशी घेऊन उभे होते, अंगात भाऊजींनीच दिलेला सूट. मुलीच्या लग्नात त्याचं बिल भाऊजींनी चुकतं केलं होतं, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही.

मे महिन्यात सगळी मुलं वन्संकडे जमायची आणि गच्चीवर 'चॅलेंज'चे डाव रंगायचे. भाऊजींनी खोटी पानं लावली की आठ वर्षांचं पोरही ओळखायचं. ते जिभेने मिशी ओली करतात. इतकी वर्षं मी तो डाव सोडून देत आले, घरचा जावई म्हणून. आता मिशी ओलीचिंब झाली होती आणि अजून पत्ते वाटायचेच होते.

पहिल्या डावात भाऊजींनी दोनशे लावले. माझ्याकडे विशेष काही नव्हतं. मी नुसतं सहज, माणुसकीने विचारलं, "वन्सं बऱ्या आहेत ना?" आणि गठ्ठा पुढे सरकवला. भाऊजींनी पानं टाकली.

पुढच्याही डावात तेच. त्याच्या पुढच्याही. "वन्संचा गुडघा कसा आहे?" पानं टाकली. "वन्संना नाशिकची द्राक्षं नेताय ना?" पानं टाकली. डीलरच्या कपाळाला आठी पडली.

"मॅडम, डाव चालू असताना हिंदी किंवा इंग्लिश. बाकी भाषा अलाउड नाही."

"बरं," मी म्हणाले आणि चारशेवर हजार केले. "दीदी कैसी हैं?"

तो डाव अजून डोळ्यांसमोर आहे. माझ्या हातात बदाम सात आणि चौकट दुरी. हे नंतर म्हणाले की पोकरमध्ये सुरुवातीला यापेक्षा वाईट हात नाही. सात-दोन, रंगसुद्धा वेगळे. मला ते ठाऊक नव्हतं, मला फक्त भाऊजी ठाऊक होते. त्यांनी आपली दोन पानं कोपऱ्यातून उचलून पाहिली, खाली ठेवली, पुन्हा पाहिली. मिशी चाचपली, पण जीभ बाहेर आली नाही. म्हणजे पानं खरी होती. मग माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या घड्याळाकडे पाहिलं, कारण दोन वाजायला पाच मिनिटं होती. भाऊजींनी असा एक उसासा सोडला की डीलरने पाणी हवं का विचारलं, आणि पानं टाकली. टाकताना न राहवून उलटी करून दाखवली. एक्क्यांची जोडी.

टेबल हादरलं. गॉगलवाल्याने गॉगल काढला. "अंकल! एक्के फेकले तुम्ही? पानं उघडायच्या आधीच?"

"वहिनींचा मान आहे," भाऊजी क्षीण आवाजात म्हणाले.

"सर, हिंदी किंवा इंग्लिश," डीलर म्हणाला.

त्यानंतर मला कुणी आव्हान दिलं नाही. मी गोळी घेतली, पाण्याचा घोट घेतला, तरी दोघांनी पानं टाकली. अडीचच्या सुमारास माझ्यापुढे वीस-वीसचे इतके गठ्ठे झाले की मला कॅश टॅली करायची सणक आली आणि मी उठले. खिडकीवर पैसे घेतले, दोनदा मोजले, तिसऱ्यांदा त्या मुलाकडून मोजून घेतले. पंधरा हजार दोनशे. पाकीट भरलं, वर दोनशे. नोटा वन्संच्या घरच्या होत्या हे मनात आलं खरं. पण भाऊजींच्या हातात राहिल्या असत्या तर त्या वन्संच्या घरी गेल्या असत्या असं थोडंच होतं?

ह्यांना निकाल कळला तेव्हा हे चौथ्या जिलबीवर होते.

"बघ! मी शिकवलं होतं तसंच खेळलीस ना?"

"अगदी तसंच."

"भाऊजींना भेटलीस? मला दिसले मघाशी. मी म्हटलं, चेहरेपट्टी कशी हुबेहूब असते एकेकाची."

"तेच होते."

हे थबकले. जिलबी खाली ठेवली. "म्हणजे ते आता ताईला सांगणार, आपण इथं होतो म्हणून?"

"कुठून सांगतील?"

हे बराच वेळ विचार करत होते. मग हळूहळू नाट्यगीत सुरू झालं.

परतीच्या होडीत तिघेही एका बाकावर बसलो. भाऊजी मांडवीच्या पाण्याकडे बघत होते. जेट्टीवर मी बिल्ला देऊन पिशवी सोडवली, नारळ मोजले. वन्संची साडी वरतीच होती, भाऊजींनी ती ओळखली. बहुधा तिचंही बिल त्यांनीच दिलं असावं. मला वाईट वाटलं. माणूस एवढा हरलेला, एवढा लांब आलेला.

"भाऊजी, सकाळी आम्ही कवळ्याला जातोय. टॅक्सी आहे. तुम्हीही चला ना दर्शनाला, वन्संना किती बरं वाटेल."

भाऊजींनी जिभेने मिशी ओली केली.

"मी नाशिकला आहे, वहिनी."